ओटा, मिसळणाचा डबा आणि कोठीची खोली

(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला पाककृती, आरोग्य किंवा संतवाङ्मय यांवर कोणीतरी बोलावे, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. या वर्षी कार्यकारिणीने मला लॅपटॉपची मेमरी आणि साठवण या विषयावर बोलावयास सांगितले. विषय यंत्राचा खरा. परंतु त्यात खर्च होतो तो आपण घरखर्चातून वाचवलेला पैसा, आणि अडते ते आपल्या मुलाबाळांचे शिक्षण. म्हणून हा विषय केवळ पुरुषमंडळींचा किंवा दुकानदारांचा नाही. तो आपलाच आहे.

२०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली, शाळा बंद झाल्या आणि मुलांचे वर्ग घरात येऊन बसले. त्या दिवसांत उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या आपल्या तिन्ही गावांतील कितीतरी घरांनी भिशीचे पैसे उचलून, कोणी हातातले दागिने गहाण ठेवून, मिळेल तो लॅपटॉप घेतला. त्यांतले पुष्कळसे कमी किमतीचे होते, काही तर दुसऱ्याने वापरलेले होते. आज त्यांना पाच वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. बटण दाबून चहा टाकावा, चहा होऊन गाळून प्यावा, तरी पडद्यावर चक्र फिरतेच आहे, अशी त्यांची गत झाली आहे. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण मदत थांबवली. साहजिकच दुकानातून एकच सल्ला मिळतो, ‘ताई, हा टाकून द्या, नवा घ्या.’ कोणी म्हणतो रॅम वाढवा, कोणी म्हणतो एसएसडी लावा, आणि कोणी म्हणतो, ‘यात कॅश आहे, कॅशवाला घ्या.’

हा कॅश शब्द ऐकून आमच्या आळीतील एक आजी म्हणाल्या, ‘कॅश नको ग बाई, हप्त्यानेच घेऊ!’ आपण हसलो, पण आजींचे काय चुकले? शब्द एकसारखाच कानी पडतो. रोकड ती कॅश निराळी आणि ही कॅश निराळी. ही फ्रेंच भाषेतील लपवणे या अर्थाच्या शब्दावरून आली आहे. हाताशी दडवून ठेवलेला साठा, असा तिचा अर्थ.

आता हे सारे समजून घ्यावयाचे तर लॅपटॉप बाजूला ठेवू आणि आपल्या स्वयंपाकघरात जाऊ.

आपल्याकडे कोठीची खोली असते, निदान एक माळा तरी असतो. तेथे वर्षाचे तांदूळ, डाळी, मोठ्या बरण्यांतील तिखट-हळद असते. तेथे जागा पुष्कळ, पण उठून जावे लागते, स्टूल घ्यावे लागते, बरणी शोधावी लागते. लॅपटॉपमधील हार्डडिस्क ही ती कोठी. फोटो, पुस्तके, हिशेब आणि स्वतः विंडोजसुद्धा तेथेच राहते. लॅपटॉप बंद केला तरी कोठीतील माल जागच्या जागी असतो.

दुसरा आपला ओटा. प्रत्यक्ष काम चालते ते ओट्यावर. परात, पोळपाट, चिरलेली भाजी, सारे एकदम मांडता आले तर काम भराभर होते. रॅम म्हणजे हा ओटा. काम संपले की ओटा पुसून मोकळा होतो. लॅपटॉप बंद केला की रॅममधले सर्व पुसले जाते. ओटा चार हातांचा की आठ हातांचा, त्यावर एका वेळी किती कामे मांडता येतील हे ठरते. ओटा लहान असला की काय होते? पोळ्या लाटावयाच्या म्हणून भाजीचे ताट उचलून कोठीत ठेवावे लागते, मग फोडणीला पुन्हा आणावे लागते. लॅपटॉपही रॅम भरली की हेच करतो. ओट्यावरचे सामान उचलून डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागले की परत आणतो. या ये-जा करण्यातच त्याचा जीव अर्धा होतो.

तिसरा आपला मिसळणाचा डबा. मोहरी, जिरे, हळद, हिंग, तिखट यांच्या वाट्या असलेला. हीच आपली कॅश. रोज लागणारे चार जिन्नस थोडे थोडे काढून हाताशी ठेवलेले. आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. मिसळणाच्या डब्यातील मोहरी ही काही जास्तीची मोहरी नव्हे. ती बरणीतूनच काढलेली आहे. डबा आणल्याने कोठी मोठी होत नाही, ओटाही मोठा होत नाही. फक्त फोडणीच्या वेळी माळ्यावर चढावे लागत नाही. एखाद्या दिवशी खसखस लागली, जी डब्यात नाही, तर स्टूल घेऊन माळ्यावर चढणे आलेच.

ही कल्पना नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक नावाचा संगणक कामाला लागला. त्याची मुख्य मेमरी होती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची. आजच्या हिशेबाने १० किलोबाइट. आपल्या घरातील चार जीबीचा साधा लॅपटॉप मेमरीच्या बाबतीत त्याच्या चार लाख पटींहून मोठा आहे, तरीसुद्धा आपण त्याला अपुरा म्हणतो, कारण आपली कामेही तितकीच वाढली. १९६५ साली इंग्लंडमध्ये मॉरिस विल्क्स यांनी, मोठ्या पण संथ मेमरीच्या पुढे लहान पण चपळ मेमरी ठेवावी, ही युक्ती लिहून मांडली, आणि १९६८ साली आयबीएम कंपनीने आपल्या मोठ्या यंत्रात ती कॅश या नावाने आणली. आजही प्रत्येक प्रोसेसरच्या पोटात अशी इवलीशी कॅश असते. ती चिपमध्येच घडवलेली असल्याने कोणीही वाढवून देऊ शकत नाही. ‘प्रोसेसरची कॅश वाढवून देतो’ असे कोणी म्हणाला तर हात जोडून दुकानाबाहेर पडावे.

मग ही कॅश ड्राइव्ह कोठून आली? जुन्या हार्डडिस्कमध्ये चकती फिरत असते. साध्या लॅपटॉपात ती मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. माहितीचा हवा तो तुकडा समोर येईपर्यंत यंत्राला वाट पाहावी लागते, आणि विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात. एसएसडीमध्ये काहीच फिरत नाही. ती सारी चिपांची बनलेली, म्हणून तुकडा जवळजवळ लगेच हाती येतो. परंतु सुमारे २०११-१२ च्या काळात एसएसडी अतिशय महाग होती. तेव्हा कंपन्यांनी मधला मार्ग काढला. मोठी स्वस्त हार्डडिस्क तशीच ठेवावयाची आणि तिच्या जोडीला २४ किंवा ३२ जीबीची छोटी एसएसडी मिसळणाच्या डब्यासारखी लावावयाची. आपण रोज जे उघडतो त्याची एक प्रत यंत्र आपोआप तेथे ठेवते. पुढे २०१७ साली इंटेलने ऑप्टेन मेमरी या नावाने १६ आणि ३२ जीबीच्या अशाच पट्ट्या आणल्या. त्या फार चपळ होत्या यात शंका नाही. पण तोवर साध्या एसएसडीचे भाव उतरले होते, आणि २०२२ साली इंटेलने ऑप्टेनचा व्यवसाय आवरता घेत असल्याचे जाहीर केले.

तात्पर्य, कॅश ड्राइव्ह ही महागाईच्या दिवसांतील तडजोड होती. कोठीच जर ओट्याच्या शेजारी आली, तर मिसळणाचा डबा कशाला? सबंध हार्डडिस्कच्या जागी सबंध एसएसडी बसवली की त्या छोट्या कॅश ड्राइव्हचे काम संपते.

आता फसगत कोठे होते ते पाहा. ऑप्टेन हिच्या नावातच मेमरी शब्द होता. त्याचा फायदा घेऊन काही जाहिरातींत बेरीज होऊ लागली, ४ जीबी रॅम आणि १६ जीबी ऑप्टेन मिळून २० जीबी मेमरी! म्हणजे चार हातांचा ओटा आणि सोळा वाट्यांचा डबा मिळून वीस हातांचा ओटा. आपल्यापैकी कोणी अशी बेरीज मान्य करील काय? पण आकडा इंग्रजीत छापला आणि समोर चकचकीत यंत्र ठेवले की आपणच आपल्या अकलेवर अविश्वास दाखवतो. जुन्या बाजारात असे लॅपटॉप अजून येतात. म्हणून भगिनींनो, माझ्या साऱ्या बोलण्याचे सार दोन वाक्यांत आहे. कोणताही आकडा सांगितला तर विचारा, हा ओट्याचा, डब्याचा की कोठीचा? आणि तिन्हींची बेरीज कधीही करू देऊ नका.

आता अनुभवाच्या गोष्टी सांगते. नावे घेत नाही, त्याची गरजही नाही.

आपल्या एका सभासद भगिनीच्या मुलीचा लॅपटॉप २०२० साली घेतलेला. मुलगी बी.कॉम.ला. यंत्र इतके मंद की प्रकल्प लिहावयास ती रात्री बारानंतर बसे, कारण सुरू करण्यातच संध्याकाळ जाई. एका दुकानात सांगितले, हा गेला, नवा घ्या, आणि ‘३२ ची कॅश असलेला’ एक जुना लॅपटॉप त्यांच्या पुढे ठेवला. भिशीचा नंबर त्यांचाच होता. पैसे दुसऱ्या दिवशी द्यावयाचे ठरले. त्याच दिवशी दुपारी त्या यंत्र घेऊन मंडळात आल्या. आम्ही चौघींनी बसून पाहिले. मेमरी निम्म्याहून थोडी अधिक भरलेली, आणि डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर अडून बसलेला. म्हणजे ओटा पुरेसा होता, कोठी दूर होती. २५६ जीबीची एसएसडी घालून घेतली. खर्च नव्या यंत्राच्या मानाने अगदी थोडा आला, भिशीचे बाकीचे पैसे मुलीच्या परीक्षा-शुल्कासाठी राहिले, आणि यंत्र पूर्वी मिनिटेच्या मिनिटे घेई ते आता अर्ध्या मिनिटात सुरू होते.

दुसरी गोष्ट आपल्या मंडळाच्याच लॅपटॉपची. त्यात एसएसडी आधीपासून होती, रॅम मात्र ४ जीबी. पापड-कुरडयांचा हिशेब उघडला, बँकेचे पान उघडले आणि त्यातच जिल्ह्याची सभा पडद्यावर सुरू झाली, की यंत्र जागच्या जागी थिजे. तेथे डिस्क बदलून काही उपयोग नव्हता. ओटाच अपुरा होता. सुदैवाने रॅमची दुसरी खाच रिकामी होती. तीत आणखी ४ जीबीची पट्टी बसवली आणि काम मार्गी लागले. रोग एकसारखा दिसला तरी औषध निराळे असते, ते असे.

तिसरी गोष्ट कडू आहे. घरगुती डबे देणाऱ्या एका भगिनीच्या लॅपटॉपात हार्डडिस्क आणि ऑप्टेन अशी जोडी होती. दुरुस्ती करणाऱ्याने ‘ही बारकी पट्टी निकामी आहे’ म्हणून ती परस्पर उपटली. यंत्र सुरूच होईना. मग त्याने डिस्क पुसून नवे विंडोज भरले. तीन वर्षांचा गिऱ्हाइकांचा हिशेब, कोणाकडे किती बाकी, सारे गेले. गिऱ्हाइकांनी जे आठवून दिले तेवढेच पदरात पडले. भगिनींनो, डब्याची आणि कोठीची अशी जोडी जुळवलेली असते तेव्हा दोन्हींचा हिशेब एकमेकांत गुंतलेला असतो. काही प्रकारांत तर नवे लिहिलेले आधी डब्यात पडते आणि मागाहून कोठीत जाते. म्हणून आधी इंटेलच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन ती जोडी रीतसर बंद करावयाची, यंत्र पुन्हा सुरू करून पाहावयाचे, आणि मगच पट्टी काढावयाची. हार्डडिस्क बदलतानाही हाच क्रम. आणि या सर्वांच्या आधी आपल्या फायलींची निराळी प्रत!

आता तपासणी कशी करावी ते सांगते. हे कोणालाही जमेल. सातवी शिकलेल्या मला जमले, तर आपल्यांतील एमएस-सीआयटी केलेल्या मुलींना तर चुटकीसरशी जमेल. लॅपटॉप सुरू करून दहा मिनिटे स्वस्थ बसू द्यावा, कारण सुरुवातीला तो स्वतःची कामे उरकत असतो. मग रोजची कामे उघडावीत आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर नावाची चौकट उघडते. तीत परफॉर्मन्स या ठिकाणी मेमरी आणि डिस्क अशा दोन ओळी दिसतात. डिस्कच्या ओळीत ती एचडीडी आहे की एसएसडी हेही बहुधा लिहिलेले असते. मेमरीच्या पानावर रॅमच्या किती खाचा आहेत आणि त्यांतल्या किती भरल्या आहेत तेही दिसते.

दोन्ही आकडे एकदम पाहावेत. मेमरीत जागा शिल्लक असून डिस्क सतत शंभरावर, तर एसएसडी हवी. मेमरी नव्वदीच्या पुढे, तर रॅम हवी. कारण ओटा भरला की कोठीकडे फेऱ्या वाढतात आणि डिस्कही दमलेली दिसते. त्या वेळी केवळ डिस्ककडे बोट दाखवून चालत नाही. त्याच पानावर ‘कॅश्ड’ असा एक आकडा दिसतो, त्याला भिऊ नये. मोकळ्या रॅमचाच विंडोज मिसळणाच्या डब्यासारखा उपयोग करून घेते आणि ओटा लागला की जागा लगेच मोकळी करून देते. म्हणजे रॅम वाढवली तर एक कॅश आपोआप आणि विनामूल्य वाढते.

यावरून खर्चाचा क्रम ठरतो. फिरती हार्डडिस्क असेल, तर साधारणपणे पहिला पैसा एसएसडीवर. एसएसडी आहे आणि रॅम ४ जीबी, तर पैसा रॅमवर. घरगुती कामाला, अभ्यासाला ८ जीबी बरी पुरते. हार्डडिस्क आणि कॅश ड्राइव्ह अशी जोडी असेल, तर नवी कॅश शोधत न बसता जोडी रीतसर सोडवून सबंध एसएसडी घालावी. ऑप्टेन ज्या खाचेत होती तेथे बहुधा एनव्हीएमई जातीची एसएसडी बसते, परंतु आपल्या नमुन्यात बसते काय हे आधी विचारावे.

आणि चौथा प्रकार, जेथे हात आखडावा. काही अतिस्वस्त लॅपटॉपांत ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी नावाची साठवण मुख्य पाटीवरच डाग देऊन बसवलेली असते, रॅमही तशीच. तेथे ओटा आणि कोठी दोन्ही भिंतीत बांधलेली. पुष्कळांत दुसरी खाचही नसते. अशा यंत्रावर खर्च करू नये आणि नव्याने विकत तर घेऊच नये, मग रंग कितीही सुरेख असो. त्याचप्रमाणे, विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते, परंतु त्याखेरीज मान्य यादीतला प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोयही लागते. इंटेलचे बहुतेक सातव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर त्या यादीत नाहीत. रॅम वाढवली म्हणजे विंडोज ११ चालेलच, असे कोणी सांगितले तर ते अर्धसत्य समजावे. अशा चांगल्या पण जुन्या यंत्रावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालून अभ्यास, पत्रव्यवहार, हिशेब उत्तम चालतात.

दुकानात काय विचारावे? रॅमच्या पट्टीची जात आधी विचारावी. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत. लॅपटॉपच्या पट्टीला अनुक्रमे २०४, २६० आणि २६२ टोके असतात. जबरदस्तीने बसवावयास गेल्यास खाच तुटते. लॅपटॉप जास्तीत जास्त किती रॅम घेतो, हेही विचारावे. एसएसडीच्याही जाती आहेत. एक चपट्या पेटीसारखी अडीच इंची, जुन्या हार्डडिस्कच्या जागी बसणारी. दुसरी पट्टीसारखी, एम.२ म्हणतात ती. या पट्टीतही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार, आणि दिसावयास दोघी बहिणी-बहिणी. खाच कोणत्या जातीची आहे हे पाहूनच घ्यावी. मंद हार्डडिस्कवरून येणाऱ्या आपल्यासारखीला साटासुद्धा पुष्कळ वेगवान वाटते. केवळ आकड्यासाठी महागडी घेण्याचे कारण नाही.

बिल घ्यावे, बिलावर नग-क्रमांक लिहून घ्यावा, हमी किती वर्षांची ते विचारावे. काढलेला जुना भाग परत मागावा, तो आपला असतो. भावाविषयी मी आकडा सांगत नाही, कारण तो टिकत नाही. २०२५ च्या उत्तरार्धात जगभर मोठमोठ्या संगणक-केंद्रांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव एकाएकी चढले. तेव्हा त्या दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारून मगच पर्स उघडावी. आपल्या उल्हासनगरच्या कॅम्पांतून दुरुस्तीची दुकाने आहेत. तेथे समाधान झाले नाही तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे, जवळच लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, या मालाचा जुना बाजार आहे. मात्र तेवढ्यासाठी बदलापूरहून सकाळच्या गर्दीत कोणी जाऊ नये, दुपारची गाडी धरावी!

भाव करावयाची आपल्याला लाज वाटण्याचे कारण नाही. फाळणीनंतर घरेदारे सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांनी कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींतून संसार उभे केले, आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. वस्तू मोडली की टाकावयाची नाही, उघडून पाहावयाची आणि पुन्हा चालती करावयाची, हे या गावाने आपल्या कष्टाने शिकले आहे. आपल्या सिंधी शेजारणी कापडाचा पन्हा बोटांनी चाचपून मगच भाव बोलतात. रॅमची पट्टीही तशीच चाचपून घेता आली पाहिजे.

शेवटची सूचना, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. कोणताही भाग बदलण्यापूर्वी मुलांचे दाखले, घरचे फोटो, हिशेब यांची प्रत निराळ्या जागी करून ठेवावी. जुनी हार्डडिस्क चांगली असेल तर स्वस्त पेटीत घालून तिचाच प्रतीसाठी उपयोग होतो. ती प्रत लॅपटॉपच्याच पिशवीत ठेवू नये. २६ जुलै २००५ चा पूर आपल्याला आठवतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तेही आठवते. उल्हास नदीच्या काठी राहणाऱ्या आपण, प्रत उंच फळीवर किंवा माहेरी ठेवलेली बरी. आणि जुनी डिस्क विकावयाची असल्यास ती नीट पुसून घ्यावी. तीत आपल्या लेकीसुनांचे फोटो असतात, आधारकार्डाच्या प्रती असतात. उघडे कपाट कोणी भंगारवाल्याला देत नाही.

भगिनींनो, यंत्र उघडण्याचे काम कारागिराने करावे, त्याला त्याची मजुरी द्यावी. परंतु काय बदलावयाचे आणि का, हे ठरवण्याचे काम आपले आहे. घरात किती तांदूळ आहेत, ओट्यावर किती माणसांचा स्वयंपाक निघेल, हे आपल्याला कोणी शिकवले नाही; आपण ते रोज करतो. तीच नजर लॅपटॉपकडे वळवावयाची आहे. माझी मंडळाला एक विनंती आहे. दर महिन्याच्या पहिल्या बैठकीनंतर अर्धा तास ठेवावा, ज्यांचे यंत्र अडते त्यांनी ते घेऊन यावे, आणि दुकानात जाण्यापूर्वी चार जणींनी मिळून ते दोन आकडे पाहावेत. त्यासाठी वर्गणी लागत नाही.

 पुढील वर्धापनदिनी आपल्यापैकी दुसऱ्या कोणीतरी येथे उभे राहून, आपण कोणता खर्च केला आणि कोणता वाचवला, ते सांगावे, एवढी माझी इच्छा आहे.